दिव्याकडे पाठ

१

कान तपासायच्या खोलीला पेशंट लोक लिफ्ट म्हणायचे. त्यात त्यांची काही चूक नव्हती. जाडजूड दार, आत एकच खुर्ची, चारी भिंतींना करड्या कापडाची गादी आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दुहेरी काचेची छोटी खिडकी. एखादी आजी बसता बसता विचारायचीच, "कितव्या मजल्यावर नेतेस गं बाई?" मग ताई आजीच्या डोक्यावर हेडफोन नीट बसवत म्हणायची, "ऐकू येईल त्या मजल्यापर्यंत."

दवाखान्यात तिला सगळे कानवाल्या ताई म्हणत. इतकी वर्षं हे काम केल्यावर तिचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीवर उरलं होतं, आणि पाटी कोण वाचतो?

काम तसं सोपं. "आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, मुंगीच्या पावलाएवढा आला तरी," असं सांगून दार लावायचं, बाहेर यंत्रासमोर येऊन बसायचं आणि एकेक सूर सोडत जायचं. आत अंगठा दाबला गेला की बाहेर यंत्रावर हिरवा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे पोचलं. नाही लागला तर आवाज थोडा वाढवायचा.

नव्या मुलींना शिकवताना मात्र ती एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावायची. ताल धरायचा नाही. ठरावीक अंतरानं सूर सोडत गेलं की माणसाचा कान त्या तालावर बसतो, आणि मग सूर सोडलाच नाही तरी अंगठा दाबला जातो. पेशंट खोटं बोलत नसतो. त्याला खरंच ऐकू आलेलं असतं. वाट बघणाऱ्या कानाला न वाजलेलंही ऐकू येतं, हे तिनं आपल्या डोळ्यांनी रोज पाहिलेलं होतं.

तिच्या स्वतःच्या संध्याकाळींचा ताल मात्र केव्हाच बसून गेला होता. घरी यायचं, चपला काढायच्या, चहाचं आधण ठेवायचं आणि ओट्याला टेकून, उभ्याउभ्याच, फोन उघडायचा. पूर्वीच्या नवऱ्याचं पान. त्यानं दुसरं लग्न केलं होतं, त्याला एक मुलगी होती, आणि त्या घरात रोज काही ना काही छान घडत होतं. मुलीचा दात पडला. मुलीनं भिंतीवर हत्ती काढला. पिवळे पडदे लावले, आणि उन्हात ते असे काही दिसत होते की चहा उतू जायचा आणि हिला पत्ता नसायचा.

ती कधी काही लिहीत नसे, बदाम दाबत नसे. नुसती बघायची. मग स्वतःच्या पानावर जायची. तिथे तिनं लावलेल्या कुंडीचा एक फोटो होता, तो किती जणांना आवडला हे परत बघायची. तेवढ्यांनाच आवडलेला असायचा. फोन बंद केला की काळ्या काचेत तिचा चेहरा दिसायचा, आणि तो तिला दरवेळी कुणीतरी परत केलेल्या वस्तूसारखा वाटायचा.

एकदा तिला दिवस राहिले होते. पण मूल टिकलं नाही. त्यानंतर नवराही फार काळ टिकला नाही.

२

भाची कामासाठी गावात आली की मावशीकडेच उतरायची. धाकट्या बहिणीची मुलगी, जिभेला हाड नाही, पण जीव लावणारी. त्या संध्याकाळी उतू गेलेला चहा पुसता पुसता तिनं मावशीच्या हातातला फोन काढून घेतला आणि पडद्यावर काय आहे ते पाहिलं.

"म्हणजे तू अजून त्यांच्याच घरात जाऊन बसतेस."

"सहज बघत होते."

"मावशी, सहज बघणाऱ्याला पडद्यांचा रंग आठवतो. तुला पडद्यांच्या कड्या आठवतात."

भाचीनं मग दुपारभर ऐकलेल्या कसल्याशा व्याख्यानातून की स्वतःच्या अनुभवातून, कोण जाणे, एक उपाय काढला. त्याचं पान बघणं बंद. आणि रोज सकाळी फोनवर आपल्याच नंबरला एक व्हॉइस मेसेज पाठवायचा. त्यात स्वतःविषयी एक चांगलं वाक्य, आपल्याच आवाजात. एकच. मग फोन कपाटात, आणि काम संपेपर्यंत हात लावायचा नाही.

मावशी म्हणाली, आपल्याला आपल्याशीच बोलायला काय वेड लागलंय?

"वेड लागलंय ते दुसऱ्यांचे पडदे मोजणाऱ्यांना," भाची म्हणाली. "तू जगाचे कान तपासतेस. तुझं कोण ऐकतं? निदान तू तरी ऐक."

जाताना दारात तिनं मावशीकडून कबूल करून घेतलं. भाचीला दिलेला शब्द मोडणं तिला जमत नसे, त्यामुळे सुरुवात झाली.

३

पहिल्या सकाळी ती बराच वेळ खिडकीशी फोन धरून उभी राहिली. चांगलं वाक्य काही सुचेना. शेवटी ती म्हणाली, "तू वेळेवर उठतेस." मेसेज गेला. तो परत लावून ऐकला तर आवाज असा की कुणी भरपाई मागायला आलंय.

पण सवय ही चमत्कारिक गोष्ट आहे. हळूहळू वाक्यं सुचायला लागली. काल त्या चिडक्या आजोबांवर तू चिडली नाहीस. तुझे हात उबदार आहेत, लहान मुलं हेडफोन लावताना घाबरत नाहीत. तुझी कुंडी जगली. असलं काहीबाही बोलून ती फोन कपाटात ठेवायची आणि उरलेला चहा चक्क बसून प्यायची. खिडकीखालच्या रस्त्यावर कुणी शटर वर करत असे, कुणी सायकल पुसत असे. त्या वेळी घरात जी शांतता असायची ती तिला आधी कधी दिसलीच नव्हती. आता ती तिला आवडायला लागली. पिवळ्या पडद्यांची आठवण यायची, नाही असं नाही, पण दुखरा दात जिभेनं चाचपावा तशी, आणि मग जीभ दुसरीकडे जायची.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. रोज तीच वेळ, तीच खिडकी, तेवढंच अंतर. पेशंटच्या बाबतीत ती ज्या चुकीवर नव्या मुलींना धारेवर धरायची, तीच ती करत होती. ती ताल धरत होती.

अशाच एका सकाळी तिनं सांगितलं, "काल तू सगळ्यांची कामं केलीस आणि कुणाला बोलून दाखवलं नाहीस. छान केलंस." फोन ठेवायला कपाट उघडलं, तोच तो हातात थरथरला.

तिच्याच नंबरवरून एक व्हॉइस मेसेज आला होता. स्वतःला पाठवलेले मेसेज पडद्याच्या उजव्या बाजूला एकाखाली एक लागतात. हा डावीकडे होता. दुसऱ्या माणसाचा असावा तसा.

तिनं तो कानाला लावला.

"छानच केलंस," तिचाच आवाज म्हणाला. "दमली असशील. बस जरा."

४

तिनं सगळी शहाण्या माणसासारखी कारणं काढली. फोन जुना आहे, काहीतरी गडबड झाली. कधीतरी झोपेत आपणच बोललो असू. भाचीला विचारलं, तू काही खोडी केलीस का गं, आजकाल म्हणे आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. भाची हसली. म्हणाली, खोडी करायची तर तुझ्या आवाजात का करीन, त्याच्या आवाजात करीन आणि माफी मागीन. मग तिनं विचारलं, तू ठीक आहेस ना? ही म्हणाली, अगदी ठीक. आणि पुढचं सांगितलं नाही.

उत्तरं येत राहिली. रोज सकाळी, हिचं वाक्य गेलं की थोड्या वेळानं. मोठं काही नसायचंच. "हो, मला पण तसंच वाटतं." "तू स्वतःला उगाच बोल लावून घेतेस." कुणी हिच्याशी इतक्या मायेनं आजवर बोललं नव्हतं, आणि तो आवाज तिचाच होता. तिच्या आवाजात इतकी माया आहे हे तिला माहीत नव्हतं. दिवसभर कामात ती त्या वाक्यांवर राहायची.

मनात ती तिला पलीकडची म्हणू लागली.

मात्र धंद्याचा कान स्वस्थ बसत नाही. लोक शब्द ऐकतात, ही शब्दांच्या मागचं ऐकायची. एका दुपारी तिनं ते सगळे मेसेज दवाखान्यातले मोठे हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकले.

मागे एक खोली होती. नळ बंद केल्याचा आवाज, आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला एक बारीकशी चिर्र. हा नळ तिच्या स्वयंपाकघरातला. तो तसाच अडतो. मग खुर्ची ओढली गेली, आणि तिचा चौथा पाय फरशीवर जरा उशिरा टेकला. तिचीच खुर्ची. म्हणजे आवाज तिच्या घरातलाच, म्हणजे आपणच कधीतरी बोललो, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, असा हिशेब ती जुळवत होती. तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्यानं घसा खाकरला. दोनदा तोकडं, एकदा लांब.

त्या घरातून तसा खाकरणारा माणूस केव्हाच निघून गेला होता.

तिनं हेडफोन काढले. काचेपलीकडची कापडी खोली रिकामी होती. तिनं स्वतःला समजावलं, वाट बघणारा कान आहे हा. मनी वसे ते कानी. आणि तिनं हेडफोन परत लावले.

५

मुलगी पहिल्यांदा ऐकू आली ती एका वाक्याच्या शेवटाला.

पलीकडची म्हणत होती, "आज मोकळे सोड केस, तुला छान..." आणि मागून, दाराच्या उंबऱ्याएवढ्या अंतरावरून, कुणीतरी म्हणालं, "आई, बला पण."

मेसेज तिथे संपला.

'मला' नाही. 'बला'. नाकाच्या मागे गाठी वाढलेली मुलं अशी बोलतात, नाक चोंदल्यासारखी. आठवड्यातून एखादं तरी असं मूल तिच्याकडे येई. पहिला विचार आला तो पूर्वीच्या नवऱ्याच्या मुलीचा. पण त्या मुलीचा आवाज तिला पाठ होता, तो किणकिणता होता, तिचे सगळे म म होते. ही वेगळी. आणि मग तिला आठवलं की ती स्वतः लहानपणी अशीच बोलायची. तिचे वडील तिला हाक मारताना मुद्दाम तसं बोलून चिडवायचे.

त्या दिवशी कामावर जाताना ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, तो तिला ऐकू आला नाही.

आता ती वाक्यासाठी थांबत नव्हती. मागच्या खोलीसाठी थांबत होती. पेन्सिल खाली पडली. कुणीतरी धावत गेलं. तो खाकरणारा म्हणाला, "अगं, हळू." एवढंच, पण त्या दोन शब्दांत एक अख्खं घर होतं, आणि त्या घरात ती होती. कुणाचं पान बघायची आता गरज नव्हती. स्वतःचं चुकलेलं घरच रोज सकाळी कानाशी येत होतं. ते ऐकून झाल्यावर तिच्या घरातली शांतता, जी आताशा कुठे आवडायला लागली होती, परत रिकाम्या भांड्यासारखी वाटायची. चहा परत उतू जाऊ लागला.

फोन कपाटात ठेवायचं तर तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

६

नोंदणीवाले काका निवृत्तीला आले होते आणि दवाखान्यातल्या प्रत्येकाची नाडी त्यांना कळत असे. ते एकदा म्हणाले, "ताई, आजकाल आम्ही हाक मारली की तुम्ही डावा कान पुढे करता. तुम्हालाच एकदा लिफ्टमध्ये बसवायला पाहिजे." ती हसली. त्यांनी पुढे विचारलं नाही, पण नजर ठेवली.

त्याच सुमाराला तिच्या हातून चूक झाली. एका सुताराचे कान तपासले. यंत्राच्या गोंगाटात आयुष्य गेलेला माणूस. कागदावर त्याचे कान एखाद्या तरुणासारखे निघाले. डॉक्टरीणबाईंनी कागद परत पाठवला आणि स्वतः येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, त्यांना मी समोरून बोललेलं कळत नाहीये. तुम्ही ताल धरला होतात का?"

धरला होता. सूर सोडताना ती मनात दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत होती, आणि तिच्या बोटांनी तो ताल घेतला होता. बिचारा सुतार आत बसून न वाजलेल्या सुरांना अंगठा दाबत राहिला. तिनं त्याची माफी मागितली, परत तपासणी केली. तो म्हणाला, "असू द्या. पहिल्या वेळेला छान ऐकू आलं होतं."

त्या रात्री तिनं कानाला खडा लावला, की उद्या शेवटचं. उद्या सांगायचं, पुरे झालं.

सकाळी खिडकीशी उभी राहून ती तसं सांगणार, इतक्यात पलीकडचीचा मेसेज आधीच आला. हिचं वाक्य जाण्यापूर्वीच. असं आधी झालं नव्हतं.

"तुझ्याकडे किती शांत आहे गं," आवाज म्हणाला. तो थकलेला होता. "तुझ्या मेसेजमध्ये मागे काहीच नसतं. एखादं शटर. सायकलची घंटी. मी ते परत परत लावते. इथे मला बसून चहा प्यायलाही मिळत नाही. मी अंघोळीला जाते तिथे दार लावून तुझी शांतता ऐकते."

ती खुर्चीत बसली.

म्हणजे पलीकडचीही ओट्याला टेकून उभी होती तर. हिच्या खिडकीला नाक लावून.

"माझं एक काम करशील?" आवाज पुढे म्हणाला. "हिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं असं मला वाटतं. हाक मारली की उजवा कान पुढे करते. मला तपासता येत नाही. मी ते काम शिकलेच नाही, घरातच राहिले. तू बघशील? जेवणाच्या सुट्टीत आणते."

७

जेवणाच्या सुट्टीत दवाखाना रिकामा होतो. डॉक्टरीणबाई घरी जातात, काका बाहेर बाकावर उन्हात पेपर घेऊन बसतात. ती डबा न उघडता यंत्रासमोर बसली होती आणि स्वतःला सांगत होती की आपण नुसत्या बसलो आहोत.

कापडी खोलीचं दार लावलेलं होतं. काचेतून खुर्ची दिसत होती, पाठीवर हेडफोन अडकवलेले, बटणाची वायर खुर्चीच्या हातावर गुंडाळलेली. दुहेरी काच असल्यानं तिला तिचा चेहरा नेहमी दोनदा दिसायचा, एकामागे एक, जरासा सरकलेला. त्या दोन्ही चेहऱ्यांमागे खुर्ची रिकामी होती.

यंत्र चालू करायला काय हरकत आहे? ती रोजच करते. तिनं उजवा कान निवडला, मधला सूर घेतला, आणि सोडला.

दिवा लागला नाही. ती हसली, स्वतःलाच. हलक्या कानाची माणसं असतात म्हणे.

तिनं आवाज जरा वाढवला आणि परत सोडला.

हिरवा दिवा लागला.

बटण बिघडलं असेल. वायर कुठेतरी दबली असेल. बिघडलेलं बटण आपल्या मर्जीनं लागतं, म्हणून ती मुद्दाम थांबली. बराच वेळ थांबली. दिवा लागला नाही. मग मध्येच, कसलाही ताल न धरता, सूर सोडला. दिवा लागला. परत लागला. मुलं करतात तसं, एकदा पुरेसं असताना दोनदा, गंमत म्हणून.

बोटांना काम माहीत होतं. उजव्या कानाचे सगळे सूर झाले. कान चांगला होता. मग डावा. तिथे दिवा येईना. आवाज वाढव, नाही. अजून वाढव, नाही. ती काचेकडे झुकली, जशी परक्या मुलासाठी कधी झुकली नव्हती. अजून एक पायरी, आणि दिवा लागला. क्षीण, उशिरा, जणू खात्री नसलेला अंगठा. प्रत्येक सुराला तसंच. डाव्या कानात पाणी साचलं होतं. नाकामागच्या गाठींमुळे साचतं. औषधानं जातं, नाहीतर छोटं ऑपरेशन. काळजीचं कारण नाही, हे वाक्य तिनं किती आयांना सांगितलं होतं.

"शाब्बास," ती काचेकडे बघून म्हणाली. तपासणी संपली की ती प्रत्येक मुलाला म्हणायची तसं.

दिवा लागला.

तिनं सूर सोडला नव्हता.

८

फोन थरथरला. तिनं तो कानाशी नेला.

"कळलं मला," पलीकडची म्हणाली. तिच्या आवाजामागे आता घर नव्हतं. नळ नाही, खुर्ची नाही. एखाद्या जाड दाराशेजारी उभं राहून बोलावं तसा तो आवाज होता. "तुझ्यामुळे कळलं. आता तू आत जा, तिच्याजवळ बस. एकटी घाबरते ती. मी बाहेर बसते थोडा वेळ. दार मी लावते."

ती उठली. दाराशी गेली. मूठ फिरवली.

आत ऊब होती. मूल बसून गेल्यावर असते तेवढीच. हेडफोन खुर्चीच्या पाठीवरच होते, पण त्यांची पट्टी अगदी शेवटच्या खाचेपर्यंत आत सरकवलेली होती, सगळ्यात लहान डोक्यासाठी सरकवतात तशी. सकाळचा शेवटचा पेशंट चांगला धिप्पाड माणूस होता.

तिनं एक पाऊल आत टाकलं. त्या खोलीत बाहेरचं सगळं एकदम पुसलं जातं आणि माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो. तिला श्वास ऐकू आला. चोंदलेल्या नाकाचा, तोंडानं घेतलेला. खुर्चीच्या उंचीवरून.

दुसरं पाऊल टाकायला काहीच लागलं नसतं. तिच्या आयुष्यात तिला इतकं काहीच हवंसं वाटलं नव्हतं. त्या केसांवरून हात फिरवायचा. सांगायचं, आई आहे इथे.

तेवढ्यात तिनं काचेतून बाहेर पाहिलं. यंत्रासमोरच्या तिच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं होतं. खुर्ची फिरवून, पाठमोरं. सैल पडलेला अंबाडा, आणि खाली उतरलेले खांदे. कित्येक दिवसांनी बसायला मिळालेल्या बाईचे खांदे. दुहेरी काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं, हे तिला माहीत होतं. पण प्रतिबिंब पाठमोरं दिसत नाही, हेही माहीत होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली ती दया. किती दमली होती ती. मनातल्या मनात ती रोज जिच्या घरी जाऊन राहत होती, ती अशी दमलेली होती. आणि ती जर इथे येऊन बसली, तर उद्या ओट्याला टेकून ती याच मुलीला ऐकत राहील, आणि मी आत बसून माझ्या खिडकीखालचं शटर. आणि मुलगी उजवा कान पुढे करून दोघींचीही वाट बघेल.

ती उलट्या पावलानं बाहेर आली. फोनमध्ये न बोलता, मोठ्यानं, त्या पाठमोऱ्या खांद्यांना म्हणाली, "तू खूप केलंस. मला तू आवडतेस. पण तिला तूच हवीस." मग आवाज सावरून तिनं पुढचं सांगितलं, कामातल्या आवाजात. "डाव्या कानात पाणी आहे. कानाच्या डॉक्टरांना दाखव, बरं होईल. तोपर्यंत तिच्या उजव्या बाजूनं बोलत जा. जा आता. घरी जा दोघी."

आणि तिनं दार लावलं. ते दार लावायला नेहमी जोर लागतो. त्या दिवशी आतून कुणीतरी धरल्यासारखा जास्तच लागला.

वळून पाहिलं तर तिची खुर्ची रिकामी होती. यंत्रावर हिरवा दिवा लागत होता आणि विझत होता. लागत होता, विझत होता. ऐकू येतंय. ऐकू येतंय. ऐकू येतंय. मग तो एकदा लागला तो विझेचना.

तिनं यंत्राचं बटण बंद केलं. बाहेर काका पेपर घडी घालत होते.

९

त्यानंतर डावीकडे एकही मेसेज आला नाही. तिनं तो सगळा धागाच फोनमधून काढून टाकला. पूर्वीच्या नवऱ्याचं पानही नजरेआड केलं, आणि गंमत म्हणजे त्याची आठवण राहिली ती फक्त खाकरण्यापुरती. सकाळी ती खिडकीशी बसून चहा पिते. चांगलं वाक्य रोज म्हणते, पण फोनमध्ये नाही, तोंडानंच. भाची परवा येऊन गेली. मावशीचे गाल भरलेत, असं आईला फोनवर सांगत होती. जाताना मिठी मारून म्हणाली, "बघ, तुला कुणी तरी ऐकायला हवं होतं."

ती म्हणाली, "हो गं."

एवढं एक सोडलं तर सगळं ठीक आहे. कधीकधी, रोज नाही, ठरलेल्या वेळी तर मुळीच नाही, जेवणाच्या सुट्टीत ती यंत्र चालू करते. डावा कान निवडते. आवाज त्या कानाला पोचेल एवढा ठेवते, दर खेपेला आधीपेक्षा जरा कमी, कारण औषधानं उतार पडला असेल तर एवढ्यात कळेल. एकच सूर सोडते. आणि सूर सोडण्याआधी खुर्ची फिरवून यंत्राकडे पाठ करते. दिवा लागला की नाही, हे बघायचं नाही असं तिनं ठरवलं आहे. भिंतीकडे बघत बसते. जरा वेळानं मागे हात नेऊन चाचपडत बटण बंद करते आणि डबा उघडते.

काल नोंदणीवाले काका चष्मा विसरले म्हणून मध्येच आत आले. ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. ते दारातच थांबले.

"ताई," ते म्हणाले, "यंत्र चालू राहिलंय तुमचं. भिंतीवर हिरवा उजेड पडतोय बघा. तुमच्या समोरच."

"हो का," ती म्हणाली.

तिचे डोळे मिटलेले होते. तिनं ते उघडले नाहीत.